शुद्ध पाण्याचे वाक्य आधी सांगावे की नंतर

रामटेके,

प्रश्न असा आहे: शुद्ध पाण्यातून वीज इतक्या कष्टाने का वाहते?

आधी प्रश्न लिहिला, कारण सवय तशीच आहे. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात प्रश्न, त्याखाली रेघ, मग पुढचे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दामले सर, तुम्ही मला आठवून राहिले की माझा तास घेऊन राहिले?" दोन्ही करतो आहे. तुम्हाला जाऊन महिना होत आला आणि तुमच्याशी बोलण्याची दुसरी रीत मला ठाऊक नाही. सगळी नोकरी एका लाकडी पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे तुम्ही, अशी झाली. अलीकडे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, पलीकडे रसायनशास्त्राची. त्या पडद्याच्या फटींतून आपण एकमेकांचे जितके तास ऐकले, तितके आपल्या विद्यार्थ्यांनीही ऐकले नसतील.

उत्तर तुम्हाला पाठ आहे. तरी नीट लिहितो, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांना ते पाठ असेल असे नाही. तांब्याच्या तारेत वीज वाहून नेण्याचे काम इलेक्ट्रॉन करतात; ते तिथे मोकळे फिरू शकतात. पाण्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे हे काम आयनांना करावे लागते, म्हणजे धन किंवा ऋण प्रभार असलेल्या कणांना. पाण्याचा रेणू एकूणात उदासीन असतो. तो विजेच्या ओढीने इकडून तिकडे प्रवास करत नाही. कोट्यवधी रेणूंमधला एखादाच दुभंगतो आणि दोन आयन देतो. वाहक इतके विरळ, म्हणून वीजही तितकीच विरळ. पाण्यात चिमूटभर मीठ टाकले की सोडियमचे आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात, आणि वाट मोकळी होते. साखर टाकली तर ती विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत. दिवा होता तसाच राहतो. थोडक्यात, वीज पाणी नेत नाही. पाण्यात जे विरघळलेले असते, ते नेते.

या उत्तरावर आपले कधीही दुमत नव्हते. दुमत होते ते हे मुलांना केव्हा सांगायचे यावर. हा वाद तुम्ही शाळेत रुजू झालात त्या पावसाळ्यात सुरू झाला आणि तुम्ही गेलात तेव्हाही संपलेला नव्हता.

मी सातवीच्या वर्गाला वाक्य सांगत होतो: "शुद्ध पाणी हे विजेचे दुर्वाहक आहे. खाली रेघ ओढा." तास संपला, मुले गेली, आणि पडद्याच्या बाजूने तुम्ही आलात. भंडाऱ्याहून आलेला, नवा, उंच, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड. आपली ओळख फक्त हजेरीच्या टेबलावरची होती.

"सर, एक विचारू का? हे वाक्य तुम्ही आधीच काहून सांगता?"

"कारण ते खरं आहे."

"खरं तर आहेच. पण पोरं घरी काय घेऊन जातील? 'पाण्यातून करंट जात नाही', एवढंच. शुद्ध हा शब्द शाळेच्या फाटकातच गळून पडते."

"मग पुढच्या वेळी तो मोठ्यानं म्हणेन."

"बाप्पा. मोठ्यानं म्हणून कोणतं पाणी शुद्ध झालं?"

मला राग आला होता, आणि हसूही येत होते. राग दाखवणे सोपे होते, म्हणून तो दाखवला. तुम्हाला म्हणालो की आमच्याकडे आधी व्याख्या सांगतात, मग अपवाद. तुम्ही म्हणालात की मुलाच्या आयुष्यात जे पाणी येते ते सगळेच अपवाद असेल, तर तो अपवाद कसा? नळाचे, विहिरीचे, मोरीतले, घामाचे. मुलाने आधी हे शिकावे की जे जे पाणी त्याच्या हाताला लागेल त्यातून वीज जाते. शुद्ध पाण्याची गंमत सगळ्यात शेवटी, घंटा व्हायच्या आधी.

त्यावर मी जे म्हणालो ते नंतर कित्येक वर्षे तुम्ही माझ्याच स्वरात म्हणून दाखवत असा: "अहो रामटेके, विज्ञान म्हणजे सुरक्षिततेचा फलक नव्हे."

टॉर्चच्या बल्बाचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. दोन खिळे, टॉर्चचे सेल, टॉर्चचा बल्ब, अशी माझी मांडणी. ऊर्ध्वपातित पाण्यात बल्ब पेटला नाही. मीठ घातले, पेटला. वर्ग खूश, मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "सर, नळाच्या पाण्यात करून दाखवा ना." केले. बल्ब पेटला नाही.

"म्हणजे आपल्या नळाचं पाणी शुद्ध आहे, सर."

"उद्याच महापालिकेला अभिनंदनाचं पत्र पाठवू," मी म्हणालो. वर्ग हसला. पडद्यापलीकडूनही हसण्याचा आवाज आला, आणि तो विद्यार्थ्याचा नव्हता.

दुपारच्या सुट्टीत तुम्ही एका बिघडलेल्या रेडिओतून काढलेला लाल एलईडी घेऊन आलात. हसणे तोवर आवरले होते. "बल्बाला लई करंट लागते, सर. नळाच्या पाण्यातून जाते तेवढ्यानं त्याची तार तापत नाही. दिवा पेटला नाही म्हणजे वीज गेली नाही असं नाही. दिव्याला पुरली नाही." मग आपण दोघांनी डबे तसेच ठेवून एलईडी जोडला. नळाच्या पाण्यात तो लागला, मंद पण स्पष्ट. लिंबू पिळल्यावर आणखी ठळक झाला. लिंबू तुमच्या डब्यातले होते. त्या दुपारपासून आपण सहकारी झालो, असे मी मानतो. मैत्री हा शब्द आपल्यापैकी कोणी कधी वापरला नाही. तो वापरण्याची वेळ येऊ नये इतपत ती होती.

ऊर्ध्वपातित पाणी आणायला आपण मार्केट यार्डाकडे जात असू. तिथे ट्रकच्या बॅटऱ्यांची दुकाने ओळीने होती, आणि बॅटरीत घालायचे पाणी तिथे कॅनने मिळे. माझी स्कूटर, मागे तुम्ही, मांडीवर रिकामा कॅन. दुकानदाराशी झालेला पहिला संवाद तुम्ही शिक्षकखोलीत पुन्हा पुन्हा रंगवून सांगितलात.

"कुठल्या गाडीची बॅटरी?"

"गाडी नाही, शाळा आहे."

"शाळेची बस का?"

"बस नाही. वर्ग आहे. सातवीचा."

त्याने आपल्या दोघांकडे नीट पाहिले. "मास्तर, पोरांना हे पाजू नका. गोड लागत नाही."

परतताना आपण हमालांच्या चहाच्या गाडीपाशी थांबलो. मी म्हणालो की प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावू: एकीवर 'नळाचे पाणी', दुसरीवर 'शुद्ध पाणी'. तुम्ही म्हणालात, "आयनविरहित लिहा. नाही तर क्षारविरहित."

"पाठ्यपुस्तकात शुद्ध असंच आहे."

"असू द्या."

"अहो, हा पारिभाषिक शब्द आहे. त्याला दुसरा अर्थ नाही."

तुम्ही चहा संपवलात. मग कपाकडे बघत म्हणालात, "सर, तुमच्या घरी हा शब्द वापरला गेला असेल. आमच्या घरावर तो वापरला गेला. पाण्याच्याच बाबतीत." एवढेच. आवाज चढला नव्हता. लगेच पुढे म्हणालात, "चला, कॅन गरम होऊन राहिला," आणि स्कूटरवर जाऊन बसलात.

  तुम्हाला उत्तर नको होते. तुम्हाला चिठ्ठी नीट लिहिलेली हवी होती. दुसऱ्या दिवशी बाटलीवर 'क्षारविरहित पाणी' अशी चिठ्ठी लावली. वर्गात मात्र तोंडी मी पाठ्यपुस्तकाचाच शब्द वापरत राहिलो. तुम्ही ते पडद्यामागून ऐकत होतात, हे मला माहीत होते. या गोष्टीवर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

आधी की नंतर हा वाद मात्र मोकळेपणाने चालू राहिला, आणि त्यातला एक विजय माझा आहे असे मी मानत आलो. विज्ञान प्रदर्शनात तुम्ही तुमच्या क्रमाने प्रयोग मांडलात. आधी नळाचे पाणी, मग लिंबाचे, मग मिठाचे, आणि सगळ्यात शेवटी क्षारविरहित पाणी. पाहुणे म्हणून आलेले शिक्षणाधिकारी समोर उभे. तुम्ही मिठाच्या पाण्यातून खिळे काढलेत, रुमालाने पुसलेत, शेवटच्या पेल्यात बुडवलेत, आणि हात उंचावून म्हणालात, "आता बघा, दिवा लागणार नाही." दिवा लागला. चांगला लागला.

"रामटेके सर, तुमच्या पाण्याला कोणी तरी फितवलं," साहेब म्हणाले.

मी मागून हळूच म्हणालो, "खिळ्यांना मीठ आहे. म्हणूनच म्हणतो, शुद्ध आधी."

तुम्ही खिळे क्षारविरहित पाण्याने धुतलेत, पेला धुतलात, पाणी बदललेत, पुन्हा दाखवलेत. या वेळी दिवा लागला नाही. साहेब पुढच्या टेबलाकडे गेल्यावर मी म्हणालो, "प्रयोगच सांगतो आहे, कोणता क्रम बरोबर आहे ते. आधी जे स्वच्छ, ते करावं."

"खिळ्यांचं ठीक आहे, सर. खिळे पुसून, धुवून आणता येतात. पोरं कशी आणणार? ते घरून काही तरी लावूनच येतात. आधीचं सोबत घेऊन येते, खिळाही आणि पोरगाही. खिळे धुवायला शिकवू. क्रम माझाच राहील."

याला विजय म्हणावे की नाही, हे आता तुम्हाला विचारता येत नाही.

दोघे निवृत्त झालो. मी मंडईत भाजी आणायला आणि वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला मोकळा झालो. तुम्ही मात्र येरवड्याला तुमच्या घराजवळच्या विहारात रविवारचा विज्ञानवर्ग सुरू केलात. मी दोनदा येऊन गेलो होतो. वर बुद्धमूर्ती, खाली सतरंजी, सतरंजीवर पन्नासेक मुले, आणि मधोमध तुमचा तोच लाल एलईडी. तुम्ही मला मुलांपुढे उभे करून सांगितलेत, "हे दामले सर. यांच्याशी भांडून भांडून मी शिकवायला शिकलो." त्या वाक्याचे मी काय केले असेल असे तुम्हाला वाटते? मी ऐकू न आल्यासारखे केले आणि खडू मागितला. आता सांगतो. ऐकू आले होते. आणि तेच वाक्य मलाही तुमच्याविषयी म्हणता आले असते.

तुमच्या घरी शेवटचे आलो तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात. वहिनींनी चहा आणला आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बरं झालं. सकाळपासून ते भिंतीला शिकवत होते." तुम्ही त्यांच्याकडे लक्ष दिले नाहीत.

"सर, रविवारचे वर्ग तुम्ही घ्या. मी उठेपर्यंत."

"घेतो."

"पाण्याचा पाठ आला आहे. ते वाक्य शेवटी."

"पाहू."

"पुण्यात पाहू म्हणजे नाही असते. मला तीस वर्षं झाली इथं."

मी हसलो. तुम्हीही हसलात, आणि हसता हसता तुम्हाला खोकला आला. मग वहिनींनी मला निघण्याची खूण केली. मला तेव्हा 'हो' म्हणता आले असते. पण तुम्ही आजारी आहात म्हणून वाद सोडून देणे हा तुमचा अपमान झाला असता, असे मला वाटले. आजही तसेच वाटते. तरी ते 'हो' म्हणायचे राहूनच गेले.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागे खुर्चीत बसलो होतो. वंदना झाली, भाषणे झाली. तुम्ही किती विद्यार्थी घडवलेत ते सगळ्यांनी सांगितले. मग भंडाऱ्याहून आलेल्या तुमच्या थोरल्या बहिणी, सुमनताई, माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमीच का दामले सर? पान्याचे?"

"पाण्याचे म्हणजे?"

"थो तुमच्याशी पान्यावरून भांडे ना. घरी सांगे. आमी हासो. काहून भांडे, सांगितलं का त्यानं?"

मी म्हणालो की मुलांच्या सुरक्षिततेसाठी, असे मला माहीत आहे.

"कशाची सुरक्षितता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. मामांनी नागपूरहून जुना कूलर आणून दिला होता. तुमच्या मोहल्ल्यात तो पहिला. उन्हाळा पेटलेला, कूलर बंद करायला कोणी तयार नाही. आई भरलेली बादली घेऊन उभी, "बटन बंद कर रे." आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेले तुम्ही खाटेवरून म्हणालात, "टाक ना आई. शुद्ध पान्यातून करंट नाही जात. आन् आपल्या विहिरीचं पानी तर शुद्धच हाय." विहीर मोहल्ल्यातल्याच लोकांनी खोदलेली, तुमच्या आजोबांनी त्यात उतरून दगड फोडलेले. त्या पाण्याला दुसरा कोणता शब्द तुम्हाला सुचणार होता?

"आईनं वतलं. असा झटका बसला का बादली अंगनात. आई भिताडाले टेकून बसली, बोलेच ना. मंग बोलली. म्हने, मी वाचली, पन बादली चेपली." सुमनताई पदराआड हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या. "मरेपर्यंत त्याले चिडवे. बादली काढली का म्हने, आना माह्या सायंटिसले, इचारा पानी शुद्ध हाय का. थो हासे. पन त्या दिवसापासून त्यानं आईले कूलर भरू देल्ला नाही. सुट्टीत आला का सोताच भरे, बटन काढून, वायर काढून."

रामटेके, तुम्ही मला हे सांगितले नाहीत. एवढ्या तासांत, एवढ्या चहांत, एकदाही नाही. सांगितले असतेत तर वाद त्याच दिवशी संपला असता. मला वाटते, म्हणूनच सांगितले नाहीत. तुम्हाला माझ्याकडून दया नको होती, युक्तिवादाला युक्तिवाद हवा होता. आई वाचल्या हे ऐकून त्या खुर्चीत मला जो दिलासा वाटला, तो इतक्या वर्षांनी वाटायला नको होता, पण वाटला. घरी जाताना येरवड्याच्या सबंध पुलावर मी त्या चेपलेल्या बादलीचा विचार करत होतो.

पुढचा रविवार माझा होता. पाठ पाण्याचा. तयारी करताना मी ठरवले की क्रम तुमचा ठेवायचा. पटला म्हणून की तुम्ही गेलात म्हणून, याचा मी स्वतःशी खल केला नाही. पण विहारात शिरलो, मुले उठून उभी राहिली, "नमो बुद्धाय, सर" म्हणाली, आणि मी सतरंजीच्या कडेशी थांबलो. ती मुले तुमची होती. तिथे माझे एक वाक्य चुकीच्या जागी पडले असते तर ते पडद्यापलीकडून दुरुस्त करायला कोणी नव्हते.

सतरंजीवर पेले मांडले. नऊ व्होल्टची बॅटरी, रोधक (रेझिस्टर), एलईडी, दोन नवे खिळे. तोंड उघडणार तोच दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. प्रज्ञा, सातवीतली.

"सर, मला माहितीये तुम्ही काय सांगणार. प्युअर वॉटरमधून करंट जात नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"मोबाइलवर व्हिडिओ आहे. आमच्याकडे आरओ आहे, सर. म्हणजे आमचं पाणी प्युअर. मग ओल्या हातानं चार्जर लावला तरी चालतं ना? मम्मी उगाच ओरडते."

मागून कोणी तरी म्हणाले, "लाव ना, बघू," आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. रामटेके, आपण दोघे आयुष्यभर त्या वाक्याच्या जागेवरून भांडलो, आधी की नंतर; आणि आता ते वाक्य आपल्या दोघांच्याही आधी वर्गात येऊन बसले आहे. तुमचा क्रम गेला, माझाही गेला. खाटेवरून बोलणारा तो बी.एस्सी.चा मुलगा माझ्यासमोर दोन वेण्या घालून उभा होता, आणि त्याला उत्तर हवे होते, आत्ता.

"प्रज्ञा, तुमच्या आरओचं पाणी आणलं आहेस?"

बाटली तिच्या दप्तरात होतीच. पेल्यात ओतायला तिलाच सांगितले, खिळे तिनेच बुडवले. एलईडी लागला. फिका, पण लागला. ती वाकून बघत राहिली. मी सांगितले की ते यंत्र पुष्कळ क्षार काढते, सगळे नाही. पिण्यासाठी सगळे काढायचेही नसतात. मग क्षारविरहित पाण्याने खिळे धुतले, दुसऱ्या पेल्यात क्षारविरहित पाणी थोडेसेच घेतले. एलईडी लागला नाही. मुलांनी खिडक्या लावल्या, तरी दिसला नाही. "बघा, व्हिडिओ खरा आहे," प्रज्ञा म्हणाली, जरा जोरात.

"खरा आहे. आता बॅटरी काढ. या पेल्यात बोटं बुडव, चांगली चोळ, आणि बाहेर काढ."

जून महिना, बंद खिडक्या, पन्नास मुले. हातांना घाम होताच. तिने बोटे चोळली, काढली. खिळे पुन्हा जोडले. अंधारात उदबत्तीच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटला.  मग पुढच्या ओळीत कुजबुज झाली, "हात लावला म्हणून."

पुढचे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. सगळ्या नोकरीत घोटलेले, पाठ्यपुस्तकाचे, व्याकरणाने निर्दोष: हात लागल्याने पाणी अशुद्ध झाले. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात चूक काढता आली नसती. मुलांनी खिडक्या उघडल्या होत्या, खडू हातात होता, आणि 'हात लागल्याने' एवढे फळ्यावर लिहूनही झाले होते.

तिथे मी थांबलो. समोर तुमची मुले होती. मी त्यांच्या आज्यांना ओळखत नाही, पण त्या आज्यांना हे वाक्य कुणी, कोणत्या पाणवठ्यावर ऐकवले असेल ते मला ओळखता आले. ते दोन शब्द पुसले. तिथे लिहिले: हाताच्या घामातील क्षार पाण्यात विरघळले, म्हणून पाण्यातून वीज वाहू लागली. वाचून पाहिले. पहिल्या वाक्यापेक्षा हे अधिक अचूक होते. काय विरघळले ते सांगत होते. पहिले वाक्य फक्त निकाल देत होते. तुम्ही चहाच्या गाडीपाशी जे मागितले होते ती सवलत नव्हती, रामटेके. ती अचूकता होती. मी स्वतःला अचूक समजत आलो, आणि हे मला तुमच्याच सतरंजीवर कळले.

"म्हणजे सर," प्रज्ञा म्हणाली, "पाणी कितीही प्युअर असलं तरी माझ्या हाताला लागलं की करंट जाणार?"

"जाणार."

"मग मम्मीचं बरोबर आहे."

"पूर्ण बरोबर आहे."

"तिला सांगू नका," ती म्हणाली, आणि खाली बसली.

घरी आलो तरी मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होतो. आधी की नंतर, याचा निकाल लागलेला नाही. मी तो माझ्या बाजूने लावून घेणार नाही आणि तुमच्याही नाही. पण यापुढे मी हा पाठ जिथे घेईन तिथे आधी विचारीन: तुम्ही कोणते वाक्य घेऊन आला आहात? हा क्रम आपल्या दोघांचाही नव्हता. तो आपण भांडलो म्हणून सापडला. तुमचे आभार मानण्याची ही माझी रीत आहे. याहून मोठ्याने मला जमणार नाही.

आता तुमची परवानगी घेऊन वाचकांकडे वळतो.

वाचकहो, वर लिहिलेले माझ्या किंवा रामटेके सरांच्या शब्दावर मानू नका. बॅटरीच्या दुकानातून ऊर्ध्वपातित पाणी आणा. नऊ व्होल्टची लहान बॅटरी, एक रोधक, एक एलईडी आणि दोन स्वच्छ खिळे घ्या. घरातल्या विजेच्या बोर्डाला यातले काहीही जोडू नका. खिळे आणि पेला त्याच पाण्याने धुवा, आणि दिवा लागतो का ते पाहा. मग बॅटरी काढून त्या पाण्यात आपली बोटे चोळा, खोलीत अंधार करा, आणि पुन्हा पाहा. जे दिसेल ते आपल्या शब्दांत लिहा, आणि लिहिलेले एकदा वाचून तपासा.